वॅगनआरच्या रिम घरी रंगवल्या: माझा अनुभव

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत स्टीलच्या रिमला गंज चढणं नवीन नाही. पण माझ्या सेकंडहँड वॅगनआरच्या 13 इंची रिम गाडी घेतली तेव्हा अगदी चकचकीत चंदेरी होत्या आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्यावर फोड आले. मागच्या डाव्या चाकाची हवा सारखी उतरायला लागली. पंक्चरवाल्या काकांनी चाक पाण्यात बुडवून दाखवलं. खिळा कुठेच नव्हता, बुडबुडे रिमच्या काठातून येत होते. "टायरला काय झालेलं नाय, रिम खाल्लीय गंजानं," म्हणाले. ट्यूबलेस टायर काठाला घट्ट बसतो म्हणूनच हवा धरतो. तिथे गंजाचे पापुद्रे आले की हवा हळूहळू निघून जाते. पत्रा मात्र शाबूत होता, त्यामुळे नव्या रिम घेण्यापेक्षा रंगवायचं ठरवलं.

चाक काढणं, धुणं, पॉलिश पेपर मारणं यात सांगण्यासारखं काही नाही. सगळी चाकं एकदम काढून गाडी चिऱ्यांवर ठेवू नका एवढंच. जांभा दगड भाराखाली कधी फुटेल सांगता येत नाही. मी स्टेपनी लावून एकेक चाक सोडवलं, गाडी कायम चार चाकांवर उभी राहिली.

खरा घोळ प्रायमरपासून सुरू झाला. राखाडी स्प्रे प्रायमरचा पहिला हात अगदी हलका मारला. दोनेक मिनिटांत नटाच्या भोकाजवळ एक बारीक फुगवटा दिसला, मग त्याच्याभोवती दुसरा, आणि बघता बघता अर्धी रिम तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखी आक्रसली. वाळू दिलं, घासलं, पुन्हा मारलं. तीच गत. डबा बदलून दुसऱ्या कंपनीचा आणला, तरी तेच.

शेवटी रंगाच्या दुकानातल्या मालकांनी विचारलं, "खाली ऑइल पेंट तर नाही ना? थिनरचा बोळा फिरवून बघा." घरी येऊन पांढऱ्या कापडावर एनसी थिनर घेतलं आणि रिमच्या मागच्या बाजूला धरलं. रंग मऊ पडून चिकटला, कापड चंदेरी झालं. तोच बोळा स्टेपनीच्या रिमवर कितीतरी वेळ घासला, तिथे काहीच झालं नाही. स्टेपनीवर कंपनीचा मूळ रंग होता, भट्टीत भाजलेला. बाकी चारांवर कुणीतरी ब्रशने घरगुती ऑइल पेंट फासला होता. नीट बघितल्यावर रंगात अडकलेला ब्रशचा एक काळा केसही सापडला. त्याच्याखाली गंज साफ न करता तसाच झाकलेला होता.

गाडी ज्यांच्याकडून घेतली त्यांना फोन केला. "कंपनीचाच कलर आहे साहेब, आम्ही फक्त पॉलिश केलं," हे उत्तर मिळालं. त्याचा राग अजून गेलेला नाही. गाडी विकताना रिम गंजक्या दिसल्या असत्या तर मी चारदोन पैसे कमी करून घेतलीच असती. गंज झाकून त्यांनी त्याला आतल्या आत वाढायला मोकळं रान दिलं.

ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश पिकतो. तो वरून कडक वाटला तरी स्प्रेच्या डब्यातलं जहाल थिनर त्याला फुगवतं आणि तो सुरकुततो. प्रायमर कितीही भारी घ्या, फरक पडत नाही. तो रंग मुळासकट काढणं हाच उपाय. पेपरने घासायला गेलं तर तो चिकट होऊन पेपरात भरतो आणि पेपर वाया जातो. म्हणून पेंट रिमूव्हर आणला. तो टायरच्या रबराला लागू द्यायचा नाही, त्यामुळे टायर उतरवून घ्यावे लागले.

रिमूव्हर जाडसर असतो. ब्रशने एकाच दिशेला थापायचा, पुन्हा पुन्हा फिरवायचा नाही. पंधराएक मिनिटांत रंग फुगून उठतो, मग लांबी (पुट्टी) भरायच्या पत्तीने खरवडायचा. रिमच्या खोबणीत पत्ती जात नाही, तिथे तारेचा ब्रश आणि चिकाटी. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. माझ्या मनगटावर एक थेंब उडाला तेव्हा भाजल्यासारखी आग झाली, लगेच नळाखाली धरलं. हे काम अंगणातच करा, बंद खोलीत त्याचा वास घेऊ नका. खरवडून झाल्यावर पाण्याने धुऊन, पुसून, वर थिनरचा हात मारायचा. रिमूव्हरचा अंश राहिला तर नवा रंग धरत नाही.

आणि उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. आमच्याकडे सकाळपर्यंत त्यावर तांबूस झाक येते. सकाळी खरवडलं तर दुपारी प्रायमर झालाच पाहिजे.

त्यानंतरचं सगळं सरळ गेलं. पावसाळा संपल्यावरची कोरडी दुपार, डबा वीतभर लांब, एका जागी न थांबता हलके हात, दोन हातांमध्ये दहापंधरा मिनिटं. दव पडायच्या आत रिम घरात. चंदेरी रंगावर क्लिअर लॅकरचे दोन हात दिले. शेवटचं चाक उन्हात ठेवलं तेव्हा शेजारच्या भाऊंनी "नवीन घेतल्यास की काय?" असं विचारलं. ते ऐकून फार बरं वाटलं.

मघाशी राहिलेल्या गोष्टी: टायर बसतो त्या काठावर रंगाचा थर चढवू नका, गंज काढून प्रायमरचा पातळ हात पुरे. नट बसतो तो उतरता भाग आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी मागची बाजू मास्किंग टेपने झाका. तिथला रंग दाबाखाली चेपतो आणि नट ढिले पडतात. चाक लावल्यावर पन्नासेक किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळा. टायर उतरवलेलाच आहे तर व्हॉल्व्हही नवा टाकून घ्या. टायर न काढता रंगवणार असाल तर हवा सोडून टायर आणि रिमच्या फटीत जुन्या लग्नपत्रिका गोल खोचा, टेपपेक्षा लवकर होतं. चाकं चढवल्यावर बॅलन्सिंग करून घ्यावंच लागतं.

आता हवा उतरत नाही. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा आधी स्टेपनी बाहेर काढायला सांगा आणि तिचा रंग बाकी चार रिमशी ताडून बघा. चार चकाचक आणि एक मळकट असेल, तर रिमच्या मागच्या बाजूला हात फिरवून ब्रशच्या रेघा लागतात का बघा आणि मगच भावाचं बोला.