ओलाना: खिडक्यांसाठी बांधलेलं घर

न्यू यॉर्कहून हडसन गावाला ॲमट्रॅकच्या रेल्वेने दोन तास लागतात. जाताना डाव्या बाजूला बसा, जवळजवळ सगळा वेळ हडसन नदी सोबत असते. स्टेशनपासून ओलानाची टेकडी पाचेक मैल. टॅक्सी मिळते, पण परतीची आधीच ठरवून ठेवा. आम्ही ठरवली नव्हती, आणि संध्याकाळी आईला पाऊण तास थंडीत उभं राहावं लागलं.

अमेरिकी निसर्गचित्रकार फ्रेडरिक चर्च यांचं हे घर. १८६५ च्या मार्चमध्ये घटसर्पाने त्यांची दोन्ही मुलं गेली. पुढे १८६७ ते १८६९ चर्च कुटुंब बैरूत, दमास्कस, जेरुसलेम असं फिरून आलं आणि तिथल्या घरांनी चर्चना पुरतं वेड लावलं. वास्तुरचनाकार कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्या मदतीने १८७० मध्ये या घराचं बांधकाम निघालं, १८७२ मध्ये मंडळी राहायला आली. भिंतींवरची नक्षी मात्र चर्चनी स्वतः रेखाटली, रंगही त्यांनीच ठरवले. जिन्यातल्या मधाच्या रंगाच्या खिडकीपाशी थांबा. लांबून कोरीव जाळी वाटते. जवळ गेलात की कळतं, दोन काचांमध्ये कातरलेला काळा कागद आहे! मला सगळ्या घरात हीच जागा सर्वांत आवडली.

कोरीव सागवान दिसल्यावर आई म्हणाली, "अगं, हे तर आपल्याकडचं काम!" खरंच होतं. चर्चचे शिष्य लॉकवूड डी फॉरेस्ट यांनी १८८१ मध्ये अहमदाबादला लाकूडकामाचा कारखाना उभा केला होता. तेव्हा अहमदाबाद मुंबई इलाख्यातच होतं. आई तिथून हलेना.

१९६४ मध्ये चर्च यांच्या सूनबाई गेल्या आणि घर सामानासकट लिलावात निघायची वेळ आली. लोकांनी पैसा जमवला, १९६६ मध्ये न्यू यॉर्क राज्याने ते घेतलं. म्हणून आज गालिचे, चित्रं, भांडी जिथल्या तिथे आहेत.

घर गाइडबरोबर बघता येतं. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, हिवाळ्यातल्या वेळा तपासून घ्या. आवारात पायी फिरायला पैसे पडत नाहीत. चढ आहे, चांगले बूट घाला. दुपारची वेळ घ्या आणि घर बघून झाल्यावर लगेच निघू नका. नैर्ऋत्येला नदी रुंद होत जाते, पलीकडे कॅट्सकिलचे डोंगर. आत प्रत्येक खिडकी चौकटीसारखी का बसवलीय, ते ऊन उतरताना तिथे उभं राहिल्यावर उमगतं.