एसीच्या फ्लॅपची तुटलेली दांडी
आज अख्खी दुपार डॅशबोर्डखाली आडवं पडून गेली. एसीचा गॅस बरोबर, कॉम्प्रेसर चालू, तरी हवा कोमटच, शेवटी उघडून बघितलं तर गरम-गार हवा मिसळणाऱ्या फ्लॅपची प्लॅस्टिकची दांडी तुटलेली, मोटर फिरतेय पण फ्लॅप जागचा हलत नाही. (कट कट आवाज येत असेल तर बहुतेक मोटरच्या गिअरचे दात गेलेले असतात.) एवढ्याशा तुकड्यासाठी फ्लॅप ज्यात बसतो तो अख्खा एसी बॉक्स बदला म्हणतात, मला ते पटतच नाही! पार्टवरची प्लॅस्टिकच्या प्रकाराची खूण आधी बघा, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर साधा सुपरग्लू नीट धरत नाही, माझा एबीएस (गोंद नीट धरणारं दुसरं प्लॅस्टिक) निघाला, मग आत बारीक स्टीलची पिन घालून इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) भरलं. ते पूर्ण कडक व्हायला साधारण २४ तास लागतात, म्हणून फिटिंग उद्या.