फांदी, फाईल आणि तांबट

बागेवर लिहिणारे लोक माती, खत, ऊन इथून सुरुवात करतात. मी महापालिकेतल्या आवक-जावकच्या खिडकीपासून करणार आहे, कारण बाकी सगळं माझं मला जमलं. त्या खिडकीने मात्र जीव खाल्ला.

बाग म्हणजे फार काही नाही. सासऱ्यांनी बांधलेलं घर, तीन बाजूंना जेमतेम दहा-बारा फुटांची पट्टी. लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, कुंपणावर मधुमालती आणि कोपऱ्यात त्यांनीच लावलेला गुलमोहर. निवृत्तीनंतर मी त्यात रमले. पालापाचोळा जाळायचा नाही, झाडांच्या बुडाशी पसरायचा. फवारणी बंद करायची. पाण्याचं उथळ भांडं ठेवायचं. एवढं केलं की जीव आपले आपण येतात, त्यांना बोलवावं लागत नाही. (भांड्यातलं पाणी रोज बदला. नाहीतर पक्ष्यांआधी डास येतील आणि शेजारी पक्ष्यांना नावं ठेवतील.)

गुलमोहराची एक वाळकी फांदी भिंतीवरून शेजारच्या आप्पांच्या पोर्चवर गेली होती. खाली त्यांच्या मुलाची नवी गाडी. आप्पा सासऱ्यांचे पत्त्यांतले भिडू, त्यामुळे मी साठीला टेकले तरी त्यांची सूनबाईच. "सूनबाई, ती फांदी वळवात येणार बघ खाली," असं ते वर्षभर म्हणत होते आणि त्यांचं बरोबर होतं. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं. पहिल्या वादळात गल्लीत आडवं पडलेलं झाड बहुतेक वेळा तेच असतं.

झाड आपल्या अंगणातलं, आपल्या माणसाने लावलेलं, तरी परवानगी लागते. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ सालचा संरक्षण व जतन अधिनियम आहे, त्याखाली वृक्ष प्राधिकरण असतं आणि अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागाकडे करायचा असतो. मला तो कायदा पूर्ण मान्य आहे. तो नसता तर आमच्या गल्लीत विजेचे खांब तेवढे उभे राहिले असते. माझा राग आहे तो खिडकीवर.

अर्ज मी मुद्दाम दसऱ्यानंतर लगेच टाकला. हिशोब साधा होता. पाऊस संपलेला, पावसाळ्यातली घरटी बऱ्याच अंशी रिकामी झालेली, आणि पुढच्या विणीला जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत अवकाश. थंडीत फांदी उतरवली की कुणाच्या संसारावर कुऱ्हाड पडत नाही. अर्जाला घरपट्टीची पावती, झाडाचे चारी बाजूंनी फोटो आणि फांदी लाल पेनने दाखवलेला एक कच्चा नकाशा जोडला. हा नकाशा कुणी मागत नाही, पण द्या. त्याच्यामुळे पाहणीला आलेला माणूस भलत्या फांदीकडे बघत नाही. आणि अर्जात "छाटणी" असं स्पष्ट लिहा. "फांदी तोडणे" लिहिलं की "तोडणे" शब्द बघून कागद वृक्षतोडीच्या गठ्ठ्यात जातो आणि मग तुमच्या फांदीचा विचार मुळासकट होतो.

त्या दिवसांत बागेवर चतुरांचे थवे घिरट्या घालत होते आणि जास्वंदापासून कपड्यांच्या तारेपर्यंत एका मोठ्या कोळिणीने जाळं ताणलं होतं. मी कपडे दुसरीकडे वाळत घालायला लागले. चतुर गेले, कोळीण गेली, आणि कार्यालयातलं उत्तर तेच: "फाईल वर गेलीय." त्या इमारतीला वरचा मजला नाही.

दिवाळीच्या सुमारास थिरथिरा आला. काळपट अंग, पोट-शेपूट विटकरी, भिंतीवर बसून शेपूट थरथरवत राहायचं, खाली किडा दिसला की उडी, परत भिंतीवर. हा पक्षी हिमालयाच्या बाजूने येतो, दरवर्षी, त्याच भिंतीवर. तो एवढा प्रवास करून वेळेत पोचला आणि आमची फाईल एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर पोचली नव्हती, कारण मधल्या काळात त्या टेबलावरचा माणूस बदलला होता. नव्या माणसाला आवक क्रमांक सांगितला तर म्हणाला, हा क्रमांक पाणीपुरवठ्याचा आहे.

पाहणी झाली ती संक्रांतीनंतर. तरुण मुलगा होता, गाडीवरून न उतरताच वर बघितलं. "निघेल ही." कधी? "आदेश आला की."

आणि महाशिवरात्रीच्या आसपास फांदीत तांबट घुसला.

तांबट तुम्ही पाहिला नसेल तरी ऐकलेला असतो. उन्हाळ्यात दुपारी कुठूनतरी टुक्, टुक्, टुक् असा एका लयीत आवाज येत राहतो, तो हाच. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, गळा पिवळा. ओरडताना चोच मिटलेली असते, गळा तेवढा फुगतो, आणि मान इकडून तिकडे वळत राहते, म्हणून आवाज नक्की कुठून येतोय ते कळत नाही. घरटं करायला त्याला मऊ, वाळलेलं लाकूड लागतं. म्हणजे कार्यालयाच्या भाषेत जी "धोकादायक फांदी", ती त्याच्या दृष्टीने तयार फ्लॅट. जोडीने पाळी लावून काम चालायचं. फांदीला खालून चिकटायचं, शेपूट टेकवायचं, टोचे मारायचे, मग डोकं आत घालून भुसा बाहेर फेकायचा. भोक फांदीच्या खालच्या अंगाला, लिंबाएवढं, कंपासने आखल्यासारखं गोल. खालच्या अंगाला असल्यामुळे पाऊस आत जात नाही. भुसा मात्र थेट आप्पांच्या मुलाच्या गाडीवर पडायचा.

परवानगीचा आदेश आला होळीनंतर. छान शिक्का, छान सही आणि शेवटची अट: ठरावीक मुदतीत छाटणी न केल्यास परवानगी आपोआप रद्द. तोपर्यंत तांबटाची ये-जा बदलली होती. एक आत गेला की बराच वेळ बाहेर यायचा नाही, दुसरा आला की पहिला निघायचा. म्हणजे आत अंडी. आप्पा कुंपणापाशी उभे: "आली ना परवानगी? मग बोलाव की माणूस."

मी मुदतवाढ मागायला गेले. खिडकीतल्या माणसाने चष्मा काढला.

"मॅडम, दसऱ्यापासून तुम्हीच मागे लागला होतात."

"हो. आता फांदीत घरटं आहे. पिल्लं उडाली की छाटू."

"मुदतवाढीला कारण लागतं."

"हेच कारण."

त्याने एक छापील नमुना काढला. मजूर उपलब्ध नाहीत, विद्युतवाहिनीचा अडथळा, मालक आजारी, इतर. "इतर"पुढे जागा होती दोन शब्दांची. त्याने मला समजुतीचा सल्ला दिला, आणि तो मनापासूनच दिला असणार: "मजूर मिळाले नाहीत असं लिहा, लगेच होईल." मी लिहिलं नाही. सत्यवादीपणाचा आव आणत नाही, पण माझ्या फांदीत पक्षी होता हे त्या फाईलवर आलंच पाहिजे असा हट्ट मला बसला होता. ते कधीच येत नाही, म्हणून तर नमुन्यात रकाना नाही.

मग मला सांगण्यात आलं की पक्ष्याचा विषय वनखात्याचा. वनखात्यात सांगितलं, पक्षी आमचा असेल, पण झाड शहरातलं, खाजगी अंगणातलं, तिथली परवानगी आम्ही देत नाही. पक्षी यांचा, फांदी त्यांची. मधलं भोक कुणाच्या अखत्यारीत येतं ते दोन्हीकडे कुणाला सांगता येईना. या सगळ्यात मुदत संपत चालली होती. उद्यान विभागाच्या बाकावर बसून मी इतका वेळ काढलाय की भिंतीवरच्या वृक्षारोपणाच्या पोस्टरमधल्या घोषणा मला पाठ आहेत. त्यातली एक पक्ष्यांबद्दल होती.

शेवटी काय चाललं ते सांगते, कारण हे कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं. खिडकीशी बोलणं बंद केलं आणि एक पानाचं पत्र लिहिलं. त्यात तीन गोष्टी. पहिली, तारखेसह फोटो: भोकातून डोकावणारं डोकं, आणि उंबराचं फळ चोचीत घेऊन भोकाशी लटकलेला पक्षी. हा दुसरा फोटो महत्त्वाचा, फळ आत जातंय म्हणजे आत पिल्लं आहेत. (आमच्या उंबरावरून दिवसभर आणणं चालू होतं.) दुसरी, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात "शिकार" कशाला म्हणायचं त्या व्याख्येत रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणंही येतं, एवढाच उल्लेख, धमकी नाही. आणि तिसरं, शेवटचं वाक्य: "घरट्यात पिल्ले असतानाही छाटणी याच मुदतीत करावी असे कार्यालयाचे मत असल्यास तसे कृपया लेखी कळवावे."

तसं लेखी कोण कळवणार? पत्र फार फिरलं नाही. आदेशाच्या समासात निळ्या शाईने ओळ आली: "घरटे रिकामे झाल्यानंतर छाटणी करावी, मुदत जूनअखेर." खाली सही, शिक्का. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय. मुलगा हसतो. हसू दे. आमच्या महापालिकेच्या फाईलवर "घरटे" हा शब्द लिहून घेतलाय मी.

आप्पांची गाडी तेवढ्या काळापुरती आमच्या फाटकात उभी राहिली आणि आमची स्कूटर रस्त्यावर. शेजाऱ्याची अडचण आधी सोडवा, पक्ष्याबद्दल नंतर बोला. उलट क्रमाने बोललात तर पक्षी वैरी होतो. गाडी हलल्यावर आप्पाच रोज सकाळी खुर्ची टाकून बसायला लागले. "आज दोन डोकी दिसली," ही बातमी मला त्यांच्याकडूनच कळायची.

पिल्लं मे संपायच्या आत उडाली. लगेच करवत लावू नका. आठवडाभर भोकाकडे सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवा, कारण तांबट रात्री झोपायलाही अशी भोकं वापरतो. ये-जा पूर्ण थांबली तेव्हा आम्ही माणूस बोलावला. त्याने वर चढून मला विचारलं, "बाई, बुडापासून काढू की टोक उतरवू? वजन सगळं टोकाला आहे." टोक उतरवलं. भिंतीच्या आत भोकाचा खुंट राहिला. खुंट तेवढा आखूड की पडला तरी माझ्याच अळूवर पडेल. आदेशात जास्तीत जास्त किती लांबी कापायची त्याची मर्यादा होती, किमान किती कापा ते नव्हतं.

हो, लिंबाचं राहिलं. पावसाळ्यात पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसलं तर पुसायला जाऊ नका, ती अळी आहे. मोठी झाली की हिरवी होते, आणि छेडली की डोक्यातून लाल शिंगं काढून घाण वास सोडते. माझ्याकडच्या काही अळ्यांची नीलवंत फुलपाखरं झाली. काळे मोठे पंख, मागच्या पंखांवर निळी झळाळी. महाराष्ट्राने २०१५ साली ते राज्य फुलपाखरू ठरवलं. तसं करणारं हे पहिलं राज्य. तरी रोपवाटिकेत लिंबाची पानं खाल्लेली दाखवली की पहिली बाटली विषाचीच पुढे करतात. झाड मोठं असेल तर थोडी पानं गेल्याने लिंबं कमी येत नाहीत, मला तरी आली नाहीत. जास्वंदावर पांढरे पिठ्या ढेकूण आले तर नळीने पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाचं पाणी पुरतं. तिथे शिंजीर हा चिमुकला पक्षी मध प्यायला येतो, तेव्हा विष नकोच.

कागदांचं अजून एक. पोच घेताना विभागाचं नाव आणि आवक क्रमांक तिथेच मोठ्याने वाचून दाखवा, माझ्यासारखं पाणीपुरवठ्यात जायचं नसेल तर. महिनाभर हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात "माझा अर्ज सध्या कोणत्या टेबलावर आहे" एवढंच विचारा. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा उत्तराआधी फाईलच हलते. कार्यालयात लोकसेवा हक्काचा फलक लावलेला असतो, त्यावर तुमची सेवा आणि तिची मुदत आहे का तेही बघून ठेवा.

आप्पांच्या मागच्या अंगणातल्या शिरीषाची एक फांदी आता वाळलीय. अर्ज मीच लिहून दिला. "गणपतीच्या आधी टाका," म्हटलं. आप्पा म्हणाले, एवढ्या लवकर कशाला, थंडीत तर कापायचीय. त्यांना खिडकीचा अनुभव नाही.