तुम्ही विचारलंत म्हणून: तळ्यातल्या होडीसाठी खेटे कशाला?

"गोव्याला समुद्र आहे, मांडवी-झुआरी आहेत. मग तळ्यात होडी घालू द्या म्हणून सरकारदरबारी खेटे कशाला घालता?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीपासून देवळाच्या चौकापर्यंत कुठेही गाठतो. विचारणाऱ्याला बहुधा वाटत असतं की ह्याला वॉटर स्पोर्ट्सचं कंत्राट पाहिजे.

कंत्राट नको आहे, म्हणूनच तर घोडं अडतं. तळ्यावरच्या होडीसाठी सरकारकडे दोनच खण आहेत: पर्यटन, नाहीतर बंदी. स्वतःची कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, घेऊन येणारा, तिकीट न विकणारा हौशी माणूस कुठल्याच खणात बसत नाही. एका कार्यालयात आमचा अर्ज बघून पहिला प्रश्न आला, "धंदा कसला?" धंदा नाही म्हटल्यावर साहेबांनी पेनच खाली ठेवलं.

गंमत म्हणजे कायद्याला आमचं वावडं नाही. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करायला मनाई आहे, पण त्यातून बोटीचा धक्का वगळला आहे. अधिसूचित पाणथळीत काय चालेल आणि कशावर नियंत्रण राहील, याची यादी राज्याच्या प्राधिकरणाने करायची असते. आमची सगळी धडपड त्या यादीतल्या एका ओळीसाठी आहे: 'इंजिन नसलेली होडी: नियंत्रित'. ती ओळ आज लिहून घेतली नाही, तर उद्या कुणीतरी 'नौकाविहार' असा मोघम शब्द घालील आणि त्यात स्पीडबोटही शिरेल.

धरणांची गोष्ट निराळी. पिण्यासाठी किंवा शेतीसाठी बांधलेले जलाशय या नियमांत येतच नाहीत. म्हणजे साळावली धरणासाठी दार वेगळं, ते जलस्रोत खात्याचं. तिथलं पाणी दक्षिण गोव्याच्या नळांना जातं, त्यामुळे पेट्रोलचं इंजिन तिथे नकोच, हे आम्हीच आधी सांगतो. अंतर्देशीय जलयानांचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला, त्यात इंजिन नसलेल्या होड्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांची नोंद स्थानिक पातळीवर करता येते. पंचायतीत एक वही ठेवायची, एवढंच काम.

"आणि पक्षी?" हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात, कायाक लांबून दिसली तरी थवा उठतो. तिथे होडी नको, आमचीही नको. हे बोललो म्हणून आमच्यातले दोघे-तिघे माझ्यावर रुसले आहेत, रुसू देत. मयेच्या तळ्यावर मात्र मला एवढी अडचण दिसत नाही. कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, ४२ हेक्टरांचं. तिथे पावसाळ्यानंतर साठवलेल्या पाण्यावर खालच्या बाजूला भातशेती होते, मासेमारी होते, लोक विरंगुळ्यालाही येतात. म्हणजे माणसाला हाकलून ते तळं जगलेलं नाही. पण अशा तळ्यात मानस, म्हणजे पाणी सोडायचं दार, कधी उघडायची हे शेतकरी ठरवणार. पाणी सोडल्यावर आमची होडी चिखलात बसली तर बसली, त्यावर तक्रार करायचा हक्क आम्हाला नाही.

म्हणून मागणी लिहिताना तळ्यागणिक वेगळी लिहितो आणि अधिकाऱ्याच्या टेबलावर नेण्याआधी ग्रामसभेत वाचतो. तिथे शिव्या बसतात, पण जलपर्णी कुठल्या कोपऱ्यात वाढली, कचऱ्याची पिशवी कुठून टाकली जाते, हे वल्हवणाऱ्याला काठावरच्या माणसाआधी दिसतं, एवढं बहुतेकांना पटतं.

राहता राहिला अधिकाऱ्यांचा आवडता प्रश्न: "कोण बुडाला तर जबाबदारी कोणाची?" ज्याची होडी त्याची. लाइफ जॅकेट नसेल तर पाण्यात उतरू देऊ नका, पावसाळ्यात आणि काळोख पडल्यावर होडी बंद, दारू प्यालेल्याला काठावरूनच परत पाठवा, हे आमच्याच निवेदनाच्या पहिल्या पानावर आहे. दुसऱ्या पानावर फक्त एक मागणी आहे: होडी उतरवायला, गाड्या न येणारा, दहा पावलांचा उतार. सध्या फाईल त्या दुसऱ्या पानावर अडकली आहे.