कल्पेबल म्हणजे गिल्टीच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते हे कळलं की लोक इंग्रजीतल्या या दोन शब्दांबद्दल हमखास विचारतात, ‘कल्पेबल म्हणजे गिल्टीच ना? मग दोन शब्द कशाला?’

मलाही आधी तसंच वाटायचं. एका गोदामाला लागलेल्या आगीचा चौकशी अहवाल मराठीत करताना कल्पेबलला मी सरळ ‘दोषी’ लिहिलं. ज्या वकिलांचं काम होतं त्यांनी शब्दाभोवती लाल गोल काढला. ‘बाई, दोषी ठरवायला न्यायाधीश बसलेत. तुम्ही कशाला घाई करताय?’

गिल्टी हा निकालाचा शब्द. नाहीतर मग मनाचा: डाएट मोडून तिसरी पुरणपोळी घेतली की आपल्याला ‘गिल्टी वाटतं’. कल्पेबल कुणाला वाटत नाही. दोष तुमच्याकडे जातो का, ते दुसऱ्यांनी बघायचं. तुम्हाला काय ठाऊक होतं आणि काय करायला हवं होतं, यावरून. त्या गोदामाच्या मालकाने आग लावली नव्हती. पण रात्री आत कामगार झोपतात हे माहीत असून शटरला बाहेरून कुलूप घालायला त्यानेच सांगितलं होतं. म्हणून तो कल्पेबल. उलट सहा वर्षांच्या पोराने काडी ओढून कडब्याची गंजी पेटवली, तर आग त्यानेच लावली. तरी सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य आपला कायदा गुन्हा धरत नाही.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘कुल्पा’, म्हणजे दोष. ‘कल्प्रिट’ही त्यातलाच, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. जुन्या इंग्लंडात आरोपी ‘मी निर्दोष’ म्हणाला की कारकून कोर्टाच्या फ्रेंचमध्ये उत्तर द्यायचा: ‘कल्पेबल, आणि सिद्ध करायला आम्ही तयार.’ वहीत त्याचं झालं ‘कल. प्रिट’ (प्रिट म्हणजे तयार). पुढे कुणाला तरी वाटलं की आरोपीलाच अशी हाक मारायची असते! 1678 च्या एका खुनाच्या खटल्यात तो शब्द तसा पहिल्यांदा छापलेला सापडतो. म्हणजे कारकुनी शॉर्टफॉर्मचा झाला गुन्हेगार.

कल्पेबलच्या जवळचा वाटणारा इंग्रजी ‘रिप्रिहेन्सिबल’ मात्र वेगळा. तो निंद्य, कायद्याच्या कलमापेक्षा निषेधाच्या पत्रकात शोभणारा.

राहिला आपला ‘सदोष मनुष्यवध’. 1860 च्या दंड संहितेतल्या ‘कल्पेबल होमिसाइड’साठी हा शब्द रुळला. प्रत्येक खून सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. अडचण एवढीच की मीटर सदोष असतो, मतदारयादी सदोष असते. शेजारच्या काकूंनी पेपरातली बातमी वाचून मला विचारलं होतं, ‘सदोष वध म्हणजे नीट जमला नाही वाटतं?’

जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, सदोष मनुष्यवधाचं कलम 304 चं 105 झालं. सदोष तसाच राहिला. काकूंना अजून नीट सांगता आलेलं नाही.