उठावाच्या रेषा राखताना : १/७२ लाइटनिंगच्या कामाची नोंद

इंग्लिश इलेक्ट्रिक लाइटनिंग या ब्रिटिश लढाऊ जेट विमानाच्या एफ.१ए आवृत्तीचे १/७२ प्रमाणातील जे प्लॅस्टिक मॉडेलचे किट मी गेल्या दोन महिन्यांपासून जुळवतो आहे, त्याचा साचा १९६०च्या दशकातला आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यावरील पत्र्यांचे सांधे कोरलेले नसून उठावाच्या बारीक रेषांनी दाखवलेले आहेत. असे किट हाती आले की बहुतेक जण आधी या रेषा घासून काढतात आणि त्यांच्या जागी पट्टी धरून नव्या रेषा कोरतात. मी तसे करायचे नाही असे ठरवले, आणि ही नोंद मुख्यतः तो निर्णय निभावताना काय काय करावे लागले याची आहे.

निर्णयामागे साधा हिशेब आहे. १/७२ प्रमाणात ०.२ मिलिमीटर रुंदीची खाच म्हणजे मूळ विमानावर १४ मिलिमीटरहून अधिक रुंद फट होते. इतकी फट कोणत्याही लढाऊ विमानाच्या दोन पत्र्यांमध्ये नसते. उठावाची रेषासुद्धा प्रमाणाबाहेरच असते हे मला मान्य आहे, परंतु ती बारीक सँडपेपरने जवळजवळ नाहीशी होईपर्यंत उतरवता येते, तर एकदा कोरलेली खाच बुजवल्याशिवाय कमी होत नाही. त्यातही लाइटनिंगसारखे विमान उघड्या धातूच्या रंगात करायचे असेल, तर खाचेत भरलेल्या गडद रंगाने अंगावर जाळे टाकल्यासारखे दिसते. उतरवलेल्या उठावावर मात्र फक्त प्रकाशाची कड चमकून जाते, आणि छायाचित्रांत ते विमान मला तसेच दिसते.

या विमानाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याच्या रचनेनेच कामाचा क्रम ठरवला. पी.१बी या नमुना विमानाचे पहिले उड्डाण ४ एप्रिल १९५७ रोजी झाले, २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्याने आवाजाच्या दुप्पट वेग गाठला, आणि १९६० मध्ये कोल्टिशॉल या ब्रिटिश हवाई तळावरील ७४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये लाइटनिंग प्रत्यक्ष सेवेत आले. त्याची दोन एव्हॉन जेट इंजिने शेजारी शेजारी नसून एकावर एक आहेत. खालचे पुढे आणि वरचे मागे सरकवलेले. त्यामुळे समोरून दिसणारा छेद, आणि म्हणून हवेचा विरोध, कमी राहतो. याच मांडणीमुळे धड उंच व चपट्या कुशीचे झाले, मुख्य चाकांना धडात जागा उरली नाही आणि ती बाहेरच्या दिशेने पातळ पंखांत मिटवावी लागली, म्हणून त्यांचे टायरही अतिशय अरुंद आहेत. मी निवडलेले रूप ५६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे, १९६३ सालच्या ‘फायरबर्ड्‌स’ या कसरतपथकातले आहे : शेपटीचा उभा पंख, पाठीचा कणा आणि पंखांच्या पुढच्या कडा लाल, बाकी सगळे अंग धातूचे.

पूर्ण झाल्यावर मॉडेल सुमारे २३ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटरला थोडे कमी रुंद होईल. भाग सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवल्यावर धडाचे दोन्ही अर्धे एकमेकांवर धरून पाहिले, तेव्हा उजवा अर्धा शेपटीकडे जवळजवळ दोन मिलिमीटर वळलेला आढळला. उकळी येण्याआधीच्या गरम पाण्यात तो भाग थोडा वेळ बुडवून, हलक्या हाताने उलट दिशेला वाकवून, लगेच गार पाण्यात धरला. हे तीनदा करावे लागले. एकाच वेळी जोर लावण्याचा मोह आवरला हे बरेच झाले, कारण इतक्या वर्षांचे पॉलिस्टायरीन ठिसूळ झालेले असते आणि वाकण्याऐवजी तडकते.

मॉडेल चाकांवर उभे राहण्याऐवजी शेपटीवर बसू नये म्हणून नाकाच्या वजनाचा विचार सर्वांत आधी केला. हवेच्या गोल तोंडातून आरपार पोकळी आहे आणि तिच्या मधोमध रडारचा शंकू बसतो, त्यामुळे नाकात शिसे भरायला सरळ जागाच नाही. शंकू आतून पोखरून त्यात शिशाच्या बारीक गोळ्या भरल्या, उरलेले वजन वैमानिकाच्या बैठकीच्या खाली आणि मागे बसवले. पुरेसे झाले की नाही हे पाहण्यासाठी धड व पंख टेपने तात्पुरते जोडून, मुख्य चाके जिथे टेकतील त्या रेषेवर दोन पेन्सिलींचा आधार दिला आणि नाक खाली झुकेपर्यंत एकेक गोळी वाढवत गेलो. शेवटी रंग आणि शेपटीकडील भरावाचे वजन लक्षात घेऊन आणखी तीन गोळ्या घातल्या. तोंडातून आत पाहिल्यावर रिकामे धड दिसू नये म्हणून शंकूच्या मागे काळ्या रंगाची पातळ प्लॅस्टिकची भिंत लावली, आणि उथळ एक्झॉस्टच्या आत नळीचे तुकडे बसवून त्यांना खोली दिली.

धड मी एका दमात चिकटवले नाही. आधी पाठीचा सरळ भाग, तो वाळल्यावर शेपूट, मग नाक आणि शेवटी पोट, असे चार टप्प्यांत जोडत गेल्यामुळे कुठेही पायरी राहिली नाही. फटी मात्र राहिल्या. पाठीवरच्या फटी बुजवण्यासाठी किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काड्यांना जोडलेले येतात त्या चौकटीचे तुकडे पातळ ग्लूमध्ये विरघळवून केलेला लगदा वापरला, आणि पोटाकडे, काम लवकर उरकावे म्हणून, सुपरग्लू भरला. ही घाई पुढे अंगाशी आली.

सांधा घासताना पाठीवरच्या नऊ आणि पोटावरच्या सात आडव्या रेषा मधोमध पुसल्या गेल्या. हे अपेक्षितच होते. त्या पुन्हा उभ्या करण्यासाठी चौकटीची काडी ताणून तिचा केसासारखा तंतू काढण्याची जुनी रीत वापरली. काडी मेणबत्तीच्या ज्योतीत न धरता ज्योतीच्या वर दोन बोटे धरावी आणि सतत फिरवत राहावे. मधला भाग आधी चमकू लागतो, मग किंचित फुगतो आणि स्वतःच्या वजनाने लवू लागतो. त्या क्षणी ती ज्योतीपासून बाजूला घ्यावी, एक श्वास थांबावे आणि मग दोन्ही टोके सावकाश ताणावीत. लगेच ताणले तर तंतू मध्येच तुटतो, उशीर केला तर जाड राहतो. वेग वाढवला की तंतू बारीक होतो. दहा-बारा काड्या ताणल्यावर मला हव्या त्या जाडीचा सुमारे अर्धा मीटर तंतू मिळाला.

तंतू चिकटवताना पहिल्या खेपेस ब्रशवर ग्लू जास्त आला आणि तंतू डोळ्यांदेखत विरघळून त्याचा ओघळ झाला. त्यानंतर तंतू दोन्ही टोकांना टेपच्या बारीक तुकड्यांनी ताणून बसवला, ब्रश आधी कापडावर टेकवून जवळजवळ कोरडा केला आणि त्याचे टोक तंतूच्या एका ठिकाणी नुसते लावले. ग्लू आपोआप तंतूखालून सरकत गेला. संपूर्ण दिवस वाळू दिल्यावर दोन्ही बाजूंची जास्तीची टोके कापली आणि १५०० क्रमांकाच्या ओल्या सँडपेपरने तंतू इतका उतरवला की बोट फिरवल्यावर तो मूळच्या रेषेपासून वेगळा जाणवेना.

पाठीवर हे जमले, परंतु पोटावर सातपैकी पाच तंतू घासताना सुटून आले. कारण समजायला एक संध्याकाळ गेली : हा ग्लू पॉलिस्टायरीन विरघळवून जोड करतो, आणि वाळलेल्या सुपरग्लूवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. तंतू दोन्ही कडांना धरत होता आणि मधल्या भरावावर नुसता टेकलेला होता. ज्यांना उठावाच्या रेषा राखायच्या आहेत त्यांनी फट भरण्याआधीच हा विचार करावा, कारण भराव कशाचा आहे यावर नंतरची रेषा कशी काढता येईल हे ठरते.

पोटासाठी म्हणून दुसरी रीत घेतली. मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या नव्या पात्याने कापून, मध्ये केसाएवढी फट सोडून समांतर लावल्या, आणि त्या फटीवर दाट प्रायमरचे तीन हात ब्रशने दिले. तिसरा हात पूर्ण सुकण्याआधी टेप काढली, म्हणजे कडा उचलल्या जात नाहीत. टेपच्या जाडीइतका उंच, काटेकोर सरळ उठाव मिळतो आणि तो घासून हवा तेवढा उतरवता येतो. खरे सांगायचे तर सरळ रेषांसाठी हीच रीत मला आता तंतूपेक्षा अधिक भरवशाची वाटते. वळणावर मात्र तंतूला पर्याय नाही.

पंखांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ६० अंश मागे झुकलेल्या या पंखांच्या मागच्या कडा किटमध्ये फार जाड होत्या, म्हणून चिकटवण्याआधी दोन्ही अर्ध्यांच्या आतल्या बाजू घासून पातळ केल्या. बाहेरून घासले असते तर रेषा गेल्या असत्या. कॅनॉपीवरचे, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक झाकणावरचे, ओरखडे २००० क्रमांकापासून सुरुवात करून क्रमाक्रमाने बारीक कागदाने काढले, पॉलिश लावले आणि ती पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये बुडवून धूळ बसू नये म्हणून झाकून ठेवली. ती पांढऱ्या लाकडी ग्लूने बसवली आहे, कारण सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होते.

फायरस्ट्रीक क्षेपणास्त्रांवर मात्र मी मुद्दाम वेळ घालवला. मूळ क्षेपणास्त्राचे काचेचे नाक आठ पैलूंचे, टोक केलेल्या पेन्सिलीसारखे होते, आणि ती काच आर्सेनिक ट्रायसल्फाइडची होती, कारण तिच्यातून लक्ष्याच्या उष्णतेचे अवरक्त किरण आत जाऊ शकत. माझ्या किटमध्ये ते टोक गोल गुळगुळीत होते. बारीक कानशीने आधी समोरासमोरचे दोन पैलू, मग त्यांच्याशी काटकोनात दुसरे दोन, आणि शेवटी त्यांच्यामधल्या धारांवर चार, अशा क्रमाने घासले असता आठही पैलू सारखे आले. प्रत्येक पैलूला कानशीचे तीन फटके पुरले. तिसऱ्यानंतर चौथा दिला की शेजारचा पैलू खाल्ला जातो, हे पहिल्या क्षेपणास्त्राच्या एका बाजूस पाहायला मिळेल. ती बाजू आता धडाकडे आहे.

रंगाचा क्रम लाल रंगामुळे ठरला. धातूच्या रंगावर टेप लावली तर तो उचलला जाण्याची भीती असते, म्हणून लाल आधी आणि धातू शेवटी. शेपटीचा उभा पंख, कणा व पंखांच्या पुढच्या कडांना पांढरा प्रायमर देऊन त्यावर लाल रंगाचे चार पातळ हात मारले आणि तीन दिवस थांबून ते झाकले. उरलेल्या अंगाला चकचकीत काळा रंग दिला. हा काळा रंग काहीच लपवत नाही : नाकाच्या खाली दोन ओरखडे आणि डाव्या पंखाच्या मुळाशी एक बारीक फट त्याने दाखवून दिली, आणि ती दुरुस्त करून काळा रंग पुन्हा द्यावा लागला. त्यानंतर एअरब्रशचा दाब साधारण १ बार ठेवून ॲल्युमिनियम रंगाचे धुक्यासारखे चार हात दिले. काही पत्रे झाकून बाकीच्यांवर किंचित गडद छटेचा एक हात मारला, कारण एकाच विमानावरील सगळे पत्रे प्रकाश सारखा परत करत नाहीत. टेप काढल्यावर कण्याच्या कडेने लाल आणि धातू यांची सीमा स्वच्छ आली. पाठीवरच्या नऊ रेषांपैकी कोणत्या जागी तंतू आहे, हे मला माहीत असूनही शोधावे लागते. पोटावरची एक रेषा थोडी जाड राहिली आहे.

आता डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सोडवायची छापील चिन्हे व आकडे, उरले आहेत. त्यांचा कागद पिवळा पडला होता, म्हणून तो पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवला. दोन आठवड्यांत पिवळेपणा बराच उतरला. नको असलेला एक आकडा पाण्यात टाकून पाहिला, तर त्याचे चार तुकडे झाले. त्यामुळे संपूर्ण कागदावर डेकलसाठीच्या द्रवाचा पातळ थर दिला आहे, आणि तो वाळल्यावर दुसरा आकडा अखंड सुटला. नाकावरील ब्रिटिश हवाई दलाच्या वर्तुळाकार चिन्हाच्या दोन्ही बाजूंचे लाल-पांढरे चौकडे मात्र छपाईतच सरकलेले आहेत, म्हणून ते मी डेकलने न लावता रंगवणार आहे : आधी पांढरा पट्टा, त्यावर दीड मिलिमीटरच्या टेपचे चौकोन, आणि मग शेपटीसाठी वापरलेल्या त्याच बाटलीतला लाल. धातूच्या रंगावर टेप लावायची असल्यामुळे एका जुन्या पंखावर तेच सगळे थर देऊन ठेवले आहेत. त्यावरची टेप उद्या काढून पाहायची आहे.