नवीन कापड न आणता शिवलेल्या गोधड्या, दुपटी आणि बरंच काही

परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बोहारणीला द्यायला म्हणून साड्यांचं गाठोडं दारात काढून ठेवलं होतं, सहज हात लावून बघितला तर त्यातल्या तीन साड्या सुती, विरलेल्या पण कुठे फाटलेल्या नाहीत. मी सरळ मागून घेतल्या. काकू म्हणाल्या अगं याचं काय करणार, याच्यावर ती एक डबासुद्धा धड देणार नाही. म्हटलं काकू, या तिन्हींची मिळून एक अख्खी गोधडी होते!

आणि खरंच होते. पाच-साडेपाच मीटरची साडी मधोमध दुमडली की साधारण नऊ फुटांची दुहेरी पट्टी मिळते, रुंदी पावणेचार फूट. अशा तीन साड्या एकावर एक घातल्या की सहा पदर झाले, एका माणसाला थंडीत पांघरायला पुरे. लांबीला सात फूट ठेवायचं आणि उरलेलं दोन फुटांचं कापड बाजूला काढायचं, ते पुढे कामाला येतं, सांगते.

हल्ली पॅचवर्कचे तयार किट मिळतात, एकसारखे कापलेले चौकोन, वरचं कापड, मधे घालायला पॉलिस्टरचा फुगीर थर, सगळं नवीन. मला हे मनापासून पटत नाही. गोधडीला मधे वेगळं काही भरावं लागत नाही, जुन्या कापडाचे पदर हीच तिची ऊब. घरात सगळ्यात विरलेलं जे असेल ते मधे जातं, त्यातल्या त्यात धड असेल ते वरखाली. मधल्या कापडाला भोकं असली तरी चालतात, त्यावर दुसऱ्या कापडाचं ठिगळ ठेवायचं, वेगळं शिवायचीही गरज नाही, गोधडीच्या टाक्यातच ते धरलं जातं. माझी आजी खटाव तालुक्यातली, तिथे हे काम उन्हाळ्याच्या दुपारी व्हायचं, सुगी आटपलेली, पाऊस यायच्या आत वाकळा तयार पाहिजेत. ओसरीवर कापड अंथरायचं, चार कोपऱ्यांवर दगड, आणि तिन्ही-चारी बाजूंनी बायका बसायच्या. आजी वाकळच म्हणायची, गोधडी हा शब्द मी पुण्यात आल्यावर जास्त ऐकला.

शिवायची पद्धत सोपीये पण क्रम महत्त्वाचा. आधी सगळे पदर हाताने सपाट करून मोठे कच्चे टाके घालून टाचून घ्यायचे, हे टाळलंत तर मधलं कापड गोळा होणारच. मग कडा आत दुमडून कडेकडेने धावदोरा, आणि तसंच फेर घेत घेत बाहेरून आत मधापर्यंत यायचं. दोन फेरांत एक बोट अंतर ठेवलं तर गोधडी घट्ट होते आणि वर्षानुवर्षं टिकते, दोन बोटं ठेवलं तर मऊ आणि हलकी राहते. दोरा किती लागेल असं बऱ्याच जणी विचारतात, तर इंचा-इंचावर ओळी धरल्या तर सात फुटी गोधडीला जवळजवळ १०० मीटर नुसतं अंतर होतं, टाक्यांत आणि गाठींत जाणारा धरून १२० मीटर जवळ ठेवा. दोरा जाड आणि सुतीच घ्या, दुकानात गोधडीचा दोरा म्हणून मागितला की देतात. सुईत एका वेळी दीड हातापेक्षा जास्त ओवू नका, गुंततो, आणि मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर कापडातून छान सरकतो.

असंच बाहेरून आत शिवत जायची रीत उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागात राहणाऱ्या सिद्दी बायकांची पण आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्या कापडाचे तुकडे शिवता शिवताच लावत जातात आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेले छोटे त्रिकोण बसवतात, त्याला त्या फुलं म्हणतात. मी एका आसनाला तसे कोपरे करून बघितले, ब्लाऊजपीसच्या चिंध्यांतून होतात आणि साध्या चौकोनाला एकदम रूप येतं.

माझं एक नुकसान सांगते म्हणजे तुमचं वाचेल. पहिल्यांदा केली तेव्हा मी सुती साड्यांच्या मधे एक सिंथेटिक साडी घातली, चांगली होती, वाया कशाला घालवायची म्हणून. शिवताना ती सतत निसटत होती आणि धुतल्यावर सुती कापड आवळलं, ती तशीच राहिली, सगळ्या गोधडीला फुगे आले. वर एका लाल नव्या खणाचे तुकडे लावले होते ते न धुता, त्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला. महिन्याभराचं काम होतं हो. तेव्हापासून सुतीत सुतीच, आणि नवं कापड असेल तर आधी निदान दोनदा धुऊन मगच. जुन्या साडीचं हेच तर सुख, तिचं जे आवळायचं ते आवळून झालेलं असतं, जो रंग जायचा तो गेलेला असतो.

आता ते उरलेलं दोन फुटांचं कापड. त्याचं देवघरापुढचं आसन होतं. आणि कडेला लावायला साडीचा फॉल! जुन्या साडीचा फॉल उसवून कुणी ठेवत नाही, पण ती बहुतेकदा सुती, सरळ कापलेली तयार पट्टी असते, सव्वादोन-अडीच मीटरची. दोन बाय दोनच्या आसनाचा घेर आठ फूट, म्हणजे फॉल अडीच मीटरचा असेल तर एकातच पूर्ण कड होते आणि कोपरे वळवायलाही थोडं उरतं. जरीचे काठ मात्र वेगळे काढा, ते अंगाला टोचतात, पिशवीच्या बंदांना किंवा दारावरच्या तोरणाला लावा.

चौकोन जोडून पॅचवर्क करायचं असेल तर टेलरकडे जा. आमच्या टेलरकाकांकडे ब्लाऊजच्या अस्तराच्या, टू बाय टूच्या (ब्लाऊजचं सुती कापड) चिंध्या पोत्याने पडलेल्या असतात, रंग म्हणाल तो. चौकोनाचं माप म्हणून मी जुनी लग्नपत्रिका कापून ठेवलीये, पुठ्ठा जाड असतो आणि कडा सरळ असतात. पाच इंचाचे चौकोन कापायचे, शिवणीत अर्धा बोट जातं, आधी लांब पट्ट्या जोडायच्या मग पट्टीला पट्टी. गडद-फिकं आलटून पालटून ठेवलं की झालं, फार डोकं लावू नका. उशीचे अभ्रे, जेवणाच्या ताटाखालच्या पट्ट्या, पोळ्यांच्या डब्यातलं फडकं, सगळं यातून निघतं.

जीन्स गोधडीत घालू नका, सुई तुटते आणि वजन उचलवत नाही. जीन्सचे पाय उभे उसवून भाजीच्या पिशव्या करा, २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा मी अशा सहा शिवल्या होत्या, त्यातल्या चार अजून रोज बाजारात जातात. उरलेल्या तुकड्यांचे दोन पदर आणि मधे जुना टॉवेल घातला की गरम पातेलं उतरवायला उत्तम फडकं. टी-शर्टचं कापड ताणतं म्हणून त्याच्या पट्ट्या कापून वेणी घालायची आणि ती गोल गोल शिवत पायपुसणं करायचं.

पण माझं सगळ्यात लाडकं काम म्हणजे दुपटं. तीन फूट बाय तीन फूट, फक्त तीन पदर, त्याहून जास्त नको कारण दुपटं दिवसातून दोनदा धुवावं लागतं आणि पावसाळ्यात वाळलं पाहिजे. तान्ह्या बाळाला आपल्याकडे जुनंच कापड आधी घालतात ना, ते किती शहाणपणाचं आहे हे धोतराचा मऊपणा हाताला लागला की कळतं. दोऱ्याच्या गाठी आतल्या पदरात लपवायच्या, वर एकही राहू द्यायची नाही, मणी, बटणं, टिकल्या काहीही लावायचं नाही.

माझ्या भाचीला सातवा महिना लागलाय. बाळंतविड्यातली दोन दुपटी झालीत. तिसऱ्याला आत दादांच्या धोतराचे दोन पदर आणि वरून काकूंच्या गाठोड्यातल्या निळ्या साडीचा तिसरा पदर, तिच्यातला गोधडीला लागणारा भाग मोजून बाजूला ठेवलाय. काल रात्री टाचून ठेवलंय, आज दुपारी पहिला फेर घालते.